डमरूच्या गळ्यातला बिंदू

बर्कली, १९३०

‘फिजिकल रिव्ह्यू’चा अंक तुमच्यासमोर उघडा आहे. लेखक रॉबर्ट ओपनहायमर, वय पंचविशीचे. प्रश्न दिसायला साधा आहे: हायड्रोजनच्या अणूतला इलेक्ट्रॉन स्वतःच्याच विद्युतचुंबकीय क्षेत्राशी गुंततो, तर त्याची ऊर्जा किती बदलते?

तीन वर्षांपूर्वी पॉल डिरॅक यांनी प्रकाशाच्या क्षेत्राला क्वांटमचे नियम लावले आणि अणू प्रकाश कसा सोडतो, कसा शोषतो याचे गणित हाती आले. आता पुढची पायरी आहे. इलेक्ट्रॉन एक फोटॉन सोडतो आणि तोच परत शोषून घेतो. मधल्या काळातला हा फोटॉन कितीही ऊर्जेचा असू शकतो, म्हणून सगळ्या ऊर्जांची बेरीज घ्यायची. तुम्ही पेन्सिल उचलता आणि ओपनहायमरांच्या मागोमाग पायऱ्या चढू लागता. कमी ऊर्जेचे फोटॉन धरले, थोडी बेरीज झाली. जास्त ऊर्जेचे धरले, बेरीज वाढली. वरची मर्यादा ढकलत जावे तशी ती वाढतच राहते, कुठेही टेकत नाही. अणूच्या पातळ्यांमधली अंतरेसुद्धा अनंत होतात. कागदावरच्या गणिताप्रमाणे हायड्रोजनच्या वर्णपटातली प्रत्येक रेषा अनंत अंतरावर सरकायला हवी, आणि प्रयोगशाळेत तर त्या रेषा जागच्या जागी ठळक दिसत आहेत.

हे दुखणे क्वांटमच्याही आधीचे आहे. विद्युतभार एका छोट्या गोळ्यात कोंबला तर गोळा जितका लहान, तितकी त्याच्या क्षेत्राची ऊर्जा जास्त. त्रिज्या २.८ × १०⁻¹⁵ मीटरच्या आसपास आली की ती ऊर्जा इलेक्ट्रॉनच्या सगळ्या वस्तुमानाएवढी होते, आणि बिंदूपर्यंत गेलात तर तिला सीमाच नाही. गोळा कल्पावा तर सापेक्षतेशी जुळवताना पंचाईत, बिंदू कल्पावा तर अनंत. या एका कोंडीत पुढची सतरा वर्षे जाणार आहेत.

शेल्टर आयलंड, जून १९४७

न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडच्या टोकाला हे छोटे बेट आहे. रॅम्स हेड इन नावाच्या खाणावळीत २ ते ४ जून असे तीन दिवस दोन डझनांच्या आसपास भौतिकशास्त्रज्ञ जमले आहेत. युद्ध संपून दोन वर्षे झालीत. यांतले बरेच जण बाँबवर किंवा रडारवर काम करून आलेले. आता ते पुन्हा मूळ प्रश्नांकडे वळले आहेत आणि तुम्ही मागच्या रांगेत बसला आहात.

विलिस लँब बोलायला उठतात. कोलंबिया विद्यापीठात रॉबर्ट रेदरफर्ड यांच्यासोबत त्यांनी रडारसाठी विकसित झालेल्या सूक्ष्मलहरींचे तंत्र हायड्रोजनवर वापरले. डिरॅक यांच्या समीकरणानुसार हायड्रोजनच्या दोन विशिष्ट पातळ्यांची ऊर्जा तंतोतंत सारखी असायला हवी. लँब सांगतात की ती सारखी नाही. फरक आहे सुमारे १००० मेगाहर्ट्झचा.

या आकड्याचे वजन तुमच्या लगेच लक्षात येते. सिद्धांत इथे ‘अनंत’ म्हणतो आणि निसर्ग एक छोटा, नेमका, मोजता येणारा आकडा पुढे करतो. म्हणजे इलेक्ट्रॉनची स्वतःशी होणारी ती गुंतागुंत खरी आहे, तिला टाळून चालणार नाही. हेंड्रिक क्रॅमर्स एक दिशा सुचवतात: आपण वजनकाट्यावर ज्या इलेक्ट्रॉनचे वस्तुमान मोजतो, तो आपल्या क्षेत्रासकटच मोजला जातो. क्षेत्रामुळे आलेली ऊर्जा त्या आकड्यात आधीच धरलेली असताना ती पुन्हा कशाला मोजायची?

परिषद संपते. हॅन्स बेथे यांना न्यूयॉर्कहून स्केनेक्टडीला जायचे आहे. तुम्ही त्यांच्या शेजारच्या आसनावर बसा. गाडी उत्तरेकडे निघते, डाव्या हाताला हडसन नदी सोबत करते आणि बेथे कागदावर गणित मांडू लागतात. अणूत बांधलेल्या इलेक्ट्रॉनची स्व-ऊर्जा, म्हणजे स्वतःच्या क्षेत्राशी गुंतल्याने आलेली ऊर्जा, घ्या. त्यातून मोकळ्या इलेक्ट्रॉनची स्व-ऊर्जा वजा करा, कारण ती मोजलेल्या वस्तुमानात येऊन गेली आहे. दोन्ही संख्या अनंत, पण वजाबाकीनंतर राहते ती फारच सौम्य: मर्यादा कितीही ताणली तरी ती केवळ लॉगॅरिदमच्या संथ गतीने वाढते. सापेक्षतेचे पूर्ण गणित केले तर ही वाढही थांबेल, असा बेथे यांचा कयास आहे. म्हणून ते बेरीज इलेक्ट्रॉनच्या स्थिर ऊर्जेपाशी, साधारण अर्ध्या दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टला, तोडतात. उत्तर येते १०४० मेगाहर्ट्झ.

लँब यांच्या मोजणीशेजारी हा आकडा ठेवून पाहा. सतरा वर्षांची कोंडी एका रेल्वेप्रवासात फुटली. पण बेथे यांनी बेरीज जिथे तोडली ती जागा गणिताने सांगितलेली नव्हती, त्यांच्या जाणकारीने निवडलेली होती. उत्तर बरोबर येण्याचे कारण अजून कुणाच्याच हाती आलेले नाही.

नेब्रास्का, सप्टेंबर १९४८

ग्रेहाउंडची बस सपाट मैदानातून पूर्वेकडे धावते आहे. तुमच्या पुढच्या बाकावर चोवीस वर्षांचा एक इंग्रज तरुण आहे, फ्रीमन डायसन. उन्हाळ्यात त्याने रिचर्ड फाइनमन यांच्या गाडीतून अर्धी अमेरिका पालथी घातली आणि मग अ‍ॅन आर्बरला ज्युलियन श्विंगर यांची व्याख्याने ऐकली. फाइनमन चित्रे काढतात, श्विंगर पानेच्या पाने समीकरणे मांडतात आणि दोघांची उत्तरे सारखी निघतात. तिकडे टोकियोत, बाँबहल्ल्यांनी उद्ध्वस्त झालेल्या शहरात, सिन-इतिरो तोमोनागा युद्धकाळातच श्विंगर यांच्यासारख्याच वाटेवर निघाले होते. लँब यांच्या प्रयोगाची बातमी त्यांना एका अमेरिकी साप्ताहिकातून कळली.

या बसमध्ये डायसनच्या डोक्यात तिन्ही वाटा एकत्र येतात. परतल्यावर तो लिहून काढतो की त्या एकाच सिद्धांताची तीन रूपे आहेत. पुढच्या निबंधात तो दाखवतो की विद्युतगतिकीच्या गणिताची कुठलीही पायरी घ्या, तिथले सगळे अनंत इलेक्ट्रॉनचे वस्तुमान आणि भार यांच्या मोजलेल्या किमतींत सामावून घेता येतात. यालाच रीनॉर्मलायझेशन म्हणतात. श्विंगर यांनी १९४७ च्या अखेरीस या मार्गाने इलेक्ट्रॉनच्या चुंबकीय आघूर्णातली पहिली दुरुस्ती काढली होती: ०.००११६. २०२३ साली प्रसिद्ध झालेले मापन हेच आघूर्ण, बोर मॅग्नेटॉनच्या एककात, १.००११५९६५२१८०५९ असे देते, आणि सिद्धांत या लांबलचक आकड्याच्या जवळजवळ शेवटच्या अंकांपर्यंत सोबत करतो. विज्ञानाच्या इतिहासात गणित आणि मोजणी एवढी जवळ फार थोड्या वेळा आली आहेत.

तरीही ज्यांनी ही वाट सुरू केली, ते डिरॅक १९८४ मध्ये मृत्यू येईपर्यंत समाधानी झाले नाहीत. त्यांचा आक्षेप शाळकरी मुलालाही पटेल इतका सरळ होता: गणितात एखादी राशी सोडून द्यायची ती लहान असते म्हणून, अनंत आहे आणि नकोशी आहे म्हणून सोडून देणे हे गणित नव्हे. हा आक्षेप उत्तरांच्या अचूकतेने खोडला जात नाही. त्याला वेगळे उत्तर लागते, आणि ते शोधायला तुम्हाला अजून पंचवीस वर्षे पुढे जायचे आहे.

जिनिव्हा, १९७३

सर्न या युरोपीय कणभौतिकी प्रयोगशाळेच्या आवारात या उन्हाळ्यात गार्गामेल या बबल चेंबरची चर्चा आहे; न्यूट्रिनोंच्या टकरींत तिथे न्यूट्रल करंट, म्हणजे विद्युतभार न बदलणारी दुर्बल आंतरक्रिया, दिसला आहे. अमेरिकेत ग्रॉस, विल्चेक आणि पोलिट्झर यांनी क्वार्कांमधले बल जवळच्या अंतरावर क्षीण होत जाते हे दाखवले आहे. या गलबल्यात आँरी एप्स्टाइन आणि व्लादिमिर ग्लाझर यांचा एक निबंध पॅरिसच्या आँरी प्वांकारे संस्थेच्या नियतकालिकात छापून येतो. पाने ८५, एकही प्रयोग नाही, नवा कण नाही. ग्लाझर इथे सर्नच्या सैद्धांतिक विभागातले. तुम्ही फळ्यापाशी उभे राहा आणि खडू हातात घ्या, कारण हे काम स्वतः केल्याशिवाय कळणार नाही.

मूळ कल्पना स्ट्युकेलबर्ग यांची, याच शहरातली, १९४० च्या दशकातली. नंतर मॉस्कोत बोगोल्युबोव यांनी ती घडवली. कणांमधली आंतरक्रिया सगळीकडे, सदासर्वकाळ चालू आहे असे धरू नका. ती अवकाश-काळाच्या एका मर्यादित तुकड्यात हळूहळू चालू करा आणि हळूहळू बंद करा. मग एकच अट घाला: एका तुकड्यातली क्रिया दुसऱ्या तुकड्यातल्या क्रियेनंतरची असेल, तर दोन्हींचा एकत्र परिणाम म्हणजे आधीच्या परिणामावर नंतरचा. कारण आधी, कार्य नंतर. एवढेच.

आता दोन बिंदू घ्या, x आणि y. दोन्हींवर एकेक प्रसंग घडतो. x हा y च्या नंतर असेल तर गुणाकाराचा क्रम ठरलेला आहे. y नंतर असेल तर क्रम उलटा, तोही ठरलेला. प्रकाशही एकापासून दुसऱ्यापर्यंत पोचू शकत नसेल तर कुठलाही क्रम चालतो, उत्तर तेच. मग न ठरलेले काय उरले? दोन्ही प्रसंग एकाच जागी, एकाच क्षणी घडतात तेवढी एक शक्यता.

फळ्यावर y ला केंद्र धरून प्रकाशशंकू काढा. वर भविष्याचा शंकू, खाली भूतकाळाचा, आणि दोघांची टोके एका बिंदूत टेकलेली: तुमच्यासमोर उभा डमरू आहे. कार्यकारणभावाची अट पाळून जे फलन मिळते ते फक्त या डमरूच्या आत असते. तुमचे काम त्याला गळ्याशी कापून वरचा भाग आणि खालचा भाग वेगळे करण्याचे आहे. वरच्या पोटात काही अडचण नाही, खालच्या पोटातही नाही. सगळा प्रश्न गळ्यातल्या त्या एका बिंदूचा.

फाइनमन यांच्या पद्धतीत इथे ‘आधी’ आणि ‘नंतर’ यांची धारदार पायरी घेऊन सरळ गुणाकार केला जातो. पण गळ्यातल्या बिंदूवर हे फलन इतके तीव्र आहे की तिथे असा गुणाकार अर्थहीन ठरतो. जिथे दोन्ही प्रसंग एकच आहेत तिथे कुठला आधी, असे विचारण्यासारखे ते आहे. ओपनहायमरांचा अनंत इथे जन्मला.

एप्स्टाइन आणि ग्लाझर त्या जागी काय करतात ते एका सोप्या उदाहरणात करून पाहा. फळ्यावर १/|x| लिहा. याला दूरवर शून्य होणाऱ्या कुठल्याही गुळगुळीत फलनाने गुणून क्षेत्रफळ काढायचे आहे. ते फलन शून्यापाशी स्वतः शून्य होत असेल तर क्षेत्रफळ सरळ मिळते. तसे होत नसेल तर अनंत. म्हणून फलनाची शून्यावरची किंमत आधी वजा करा, पण फक्त शून्यापासून a अंतरापर्यंत. त्यापलीकडे जसे आहे तसे ठेवा. आता उत्तर नेहमी सांत येते. मधल्या कुठल्याही ओळीत अनंत डोकावत नाही. किंमत एवढीच की a तुम्ही निवडलेला आहे. तो दुप्पट करून बघा: उत्तर बदलते ते फलनाच्या शून्यावरच्या किमतीच्या १.३८६ पटीने, म्हणजे लॉगॅरिदम २ च्या दुपटीने. बाकी काहीही हलत नाही.

खडू खाली ठेवून या ओळीकडे नीट पाहा. शून्याबाहेरची सगळी माहिती ठाम आहे. शून्यावर एक स्थिरांक मोकळा राहतो, आणि तो कुठल्याही हिशेबाने ठरत नाही, कारण तो या माहितीत नव्हताच. मोजपट्टी a बदलली की स्थिरांकही त्यानुसार बदलावा लागतो. स्ट्युकेलबर्ग आणि पीटरमन यांनी १९५३ मध्ये मांडलेल्या रीनॉर्मलायझेशन ग्रुपचे हे बीज आहे.

विद्युतगतिकीत गळ्यातल्या बिंदूची तीव्रता मोजायला एक साधे सूत्र आहे: चारमधून बाहेर जाणारे-येणारे फोटॉन वजा करा, आणि प्रत्येक इलेक्ट्रॉनमागे दीड वजा करा. इलेक्ट्रॉनच्या स्व-ऊर्जेला १ मिळतो, फोटॉनच्या स्व-ऊर्जेला, म्हणजे निर्वात ध्रुवीकरणाला, २, इलेक्ट्रॉन-फोटॉन भेटीला ०. उत्तर ऋण आले तर बिंदूवर मोकळे काहीच राहत नाही. शून्य किंवा धन आले तर ठरावीक स्थिरांक मोकळे राहतात. गणिताची पायरी दुसरी असो की दहावी, हे सूत्र तेच राहते; म्हणून मोकळ्या स्थिरांकांची यादी वाढत नाही. मोजलेले वस्तुमान, मोजलेला भार आणि फोटॉनचे वस्तुमान शून्य, अशा अटींनी ती भरून जाते. डायसनचे सगळे निष्कर्ष इथे परत मिळतात आणि वजा करायला एकही अनंत समोर येत नाही. आंतरक्रिया शेवटी सगळीकडे चालू करताना दूरच्या अंतरावर जी वेगळी अडचण येते, तीही इथे आपोआप वेगळी काढून ठेवलेली असते.

झुरिच, १९९० चे दशक

झुरिच विद्यापीठात ग्युंटर शार्फ यांनी १९८९ मध्ये ‘फायनाइट क्वांटम इलेक्ट्रोडायनॅमिक्स’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला आहे. नावातच दावा आहे आणि आत तो पानोपानी पाळला आहे. पण तुम्ही इथे आला आहात ते पुढच्या कामासाठी. शार्फ आणि त्यांचे विद्यार्थी-सहकारी आता विचारतात: ही पद्धत सगळ्या कणभौतिकीचा पाया होऊ शकेल का?

ते फार कमी सामान घेऊन निघतात. स्पिन १ असलेले काही कण, कार्यकारणभाव, आणि गेज सममिती (मोजणीत न दिसणाऱ्या गणिती निवडीने उत्तर न बदलणे) प्रत्येक पायरीवर टिकली पाहिजे ही अट. पहिल्या पायरीवर या कणांनी एकमेकांशी कसे जोडले जायचे याचे काही गुणांक मोकळे असतात. दुसऱ्या पायरीवर, डमरूच्या त्याच गळ्याशी, सममिती टिकवायला गेले की गुणांकांवर एक समीकरण लादले जाते. ते जॅकोबी यांचे नित्यसमीकरण आहे, म्हणजे ली गटांच्या बीजगणिताचा कणा. क्वार्कांच्या आणि दुर्बल बलाच्या सिद्धांतात जी सममितींची रचना सुरुवातीलाच गृहीत धरली जाते, ती इथे सुसंगतीची गरज म्हणून बाहेर पडते.

मग ते कणांना वस्तुमान देऊन पाहतात: दुर्बल बलाचे वाहक डब्ल्यू आणि झेड जड, फोटॉन वस्तुमानहीन. आता गणित अडते. सममिती टिकवायची तर आणखी एक कण हवा, स्पिन ० असलेला, आणि तो बाकीच्यांशी किती जोराने जोडला जाईल हेही ठरून येते. हिग्ज यांच्या नावाने ओळखला जाणारा कण इथे निर्वाताची सममिती मोडल्याची कथा न सांगता दाखल होतो. फक्त त्याचे वस्तुमान मोकळे राहते.

जिनिव्हा, ४ जुलै २०१२

सर्नचे सभागृह भरून गेले आहे. जागा मिळावी म्हणून कित्येकांनी रात्र बाहेर काढली. पीटर हिग्ज आणि फ्रान्स्वा आँग्लेर प्रेक्षकांत बसलेत. दोन प्रयोगांपैकी सीएमएसच्या वतीने जो इंकॅन्डेला आणि अ‍ॅटलसच्या वतीने फाबिओला जानोत्ती निकाल मांडतात. सीएमएस प्रयोगात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचाही वाटा आहे. पडद्यावरच्या आलेखात १२५ जीईव्हीच्या (अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्टच्या) आसपास एक उंचवटा आहे. हिग्ज डोळे पुसतात.

तुम्ही झुरिचहून आला आहात, म्हणून हा आकडा तुम्हाला वेगळा दिसतो. सिद्धांताने जोडणीचे जोर सांगितले आणि वस्तुमानाची जागा कोरी ठेवली. ती जागा भरायला २७ किलोमीटर परिघाचे यंत्र लागले. लँब यांचे १००० मेगाहर्ट्झ आणि हे १२५ जीईव्ही यांच्यात एक मोठा फरक आहे. पहिला आकडा सिद्धांताला काढता यायलाच हवा होता. दुसरा आकडा या सिद्धांतात निसर्गाला विचारूनच मिळतो. कुठला आकडा कुठल्या प्रकारचा हे स्वच्छ कळणे, हीच या सांत बांधणीची खरी कमाई आहे.

आणि आता

या प्रवासात जे सुटलेले नाही तेही सोबत घ्या. डायसनने १९५२ मध्ये दाखवले की प्रत्येक पायरी सांत असली तरी सगळ्या पायऱ्यांची एकूण बेरीज अभिसारी असण्याची आशा नाही. एप्स्टाइन-ग्लाझर पद्धत पायरीपायरीने चालते, त्यामुळे हा प्रश्न तिच्या आवाक्याबाहेर राहतो. गुरुत्वाकर्षणाला ही पद्धत लावली तरी प्रत्येक पायरी सांतच येते, पण गळ्यातल्या बिंदूची तीव्रता दर पायरीला वाढते आणि मोकळ्या स्थिरांकांची यादी संपत नाही. इथे अनंत आकड्यांचा प्रश्न नसून निसर्गाला विचारायच्या प्रश्नांना अंत नसण्याचा आहे. दुखण्याचे हे निदान मला फार मोलाचे वाटते, कारण उपचार कुठे शोधायचा हे त्यातून कळते.

म्हणूनच क्वांटम क्षेत्र सिद्धांत शिकवण्याच्या रूढ क्रमाबद्दल मला आग्रहाने बोलावेसे वाटते. विद्यार्थ्याला बहुधा आधी अनंत दाखवला जातो, मग तो कापायच्या युक्त्या, मग वजाबाकी, आणि हे सगळे चालते म्हणून चालवून घ्यायचे असे सांगितले जाते. हुशार विद्यार्थी इथे डिरॅक यांच्यासारखाच अडखळतो, आणि त्याचे अडखळणे योग्य असते. त्याला पहिल्याच आठवड्यात १/|x| चे ते दोन ओळींचे गणित द्यावे. शून्यावर एक स्थिरांक का मोकळा राहतो हे त्याने स्वतःच्या हाताने पाहावे, आणि मग फाइनमन यांच्या आकृत्यांकडे जावे. त्या आकृत्यांचे सामर्थ्य तसूभरही कमी होणार नाही. उलट त्यांतली प्रत्येक दुरुस्ती कुठून आली हे त्याला सांगता येईल.

पायाभूत सिद्धांताने सगळे आकडे स्वतःच द्यावेत अशी माझी अपेक्षा नाही. जे आधीच्या माहितीतून निघते ते त्याने निर्दोष गणिताने काढावे, आणि जे मोजूनच कळणार आहे त्याची यादी उघड करावी. १९३० मध्ये ओपनहायमरांच्या कागदावर या दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्या होत्या. त्या वेगळ्या करणे शक्य आहे, हे १९७३ पासून आपल्याला माहीत आहे, आणि कणभौतिकीची यापुढची कुठलीही इमारत या माहितीवर उभी राहायला हवी.